पॉझिटिव्ह म्हणजे किती?

पॅथॉलॉजी लॅबचा कुठलाही रिपोर्ट घ्या. आकडे असतात, शेजारी ‘नॉर्मल रेंज’ असते, त्या रेंजबाहेर गेलेला आकडा ठळक केलेला असतो आणि सगळ्यात खाली, सही-शिक्क्याच्या जरा वर, बारीक टायपात एक सूचना असते: हा निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावा. लॅब नाशिकच्या शरणपूर रोडवरची असो की सटाण्यातली, ही ओळ सहसा चुकत नाही. पेशंट ती वाचत नाही, नातेवाईक वाचत नाहीत, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा डॉक्टरही वाचत नाहीत. ठळक आकड्यावर नजर गेली की निदान झालं, असंच सगळे धरून चालतात. वैद्यकीय चाचण्यांवरचं हे पुस्तक म्हणजे त्या एका दुर्लक्षित ओळीवरचं सविस्तर भाष्य आहे. चाचणीचा निकाल एकट्याने फारसं काही सांगत नाही. ती कोणाची केली, कुठे केली आणि का केली हे कळल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आपल्या घराघरांत पोचलेलं उदाहरण म्हणजे विडाल. पावसाळ्यात ताप आला, तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, की विडाल होते आणि संध्याकाळी ‘टायफॉइड निघाला’ म्हणून फोन फिरतात. फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी ही चाचणी १८९६ साली मांडली. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. जिथे टायफॉइड क्वचित होतो अशा ठिकाणी त्या सापडणं ही मोठी बातमी. आपल्याकडे मात्र पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेलेल्या, लस घेतलेल्या किंवा अगदी ठणठणीत माणसाच्या रक्तातही त्या थोड्याफार असतातच. उलट खरा टायफॉइड असला तर पहिल्या आठवड्यात त्या पुरेशा तयार झालेल्या नसतात. म्हणजे तिसऱ्या दिवशीची एकच विडाल दोन्ही बाजूंनी फसवू शकते. रक्ताचं कल्चर हा त्याहून कितीतरी भरवशाचा मार्ग, पण त्याला दिवस लागतात, आणि अँटिबायोटिक त्याआधीच सुरू झालेलं असतं. सव्वाशे वर्षं जुनी ही चाचणी अजून हटत नाही, कारण ती स्वस्त आहे आणि तापाला एक नाव देते.

चाचणी दोन प्रकारे चुकू शकते, तेव्हा तिला प्रश्नही दोन विचारावे लागतात. ज्यांना आजार आहे त्यांच्यापैकी कितींना ती पकडते? ही तिची संवेदनशीलता. ज्यांना नाही त्यांच्यापैकी कितींना ती बिनधोक सोडते? ही विशिष्टता. जेकब येरुशालमी या संख्याशास्त्रज्ञाने १९४७ साली छातीच्या एक्स-रेचा अभ्यास करताना ही जोडी वैद्यकात रूढ केली. त्या काळात क्षयासाठी मोठ्या प्रमाणावर एक्स-रे काढले जात, आणि एकच फिल्म दोन तज्ज्ञ दोन तऱ्हेने वाचत. आज हातात मावणारं एक्स-रे यंत्र आणि त्यावरची कृत्रिम बुद्धिमत्ता घेऊन क्षयरोगाची पथकं वाड्यावस्त्यांवर जातात. फिल्म वाचणारा बदलला, तरी त्याला विचारायचे प्रश्न येरुशालमींचेच आहेत.

एमबीबीएसच्या मुलांना हे शिकवलं जात नाही असं नाही. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक विद्यार्थी ‘पीएसएम’ या विषयात चार घरांचा तक्ता पाठ करतो, ‘पार्क’चं पाठ्यपुस्तक उघडून सूत्रं घोकतो, आकडे भरतो आणि पेपर झाला की विसरतो. त्यात त्याचा दोष थोडा. तक्ता आजारापासून सुरू होऊन चाचणीकडे जातो. ओपीडीत मात्र समोर आधी चाचणी येते आणि आजार आहे की नाही ते ठरवायचं असतं. पेशंट विचारतो, ‘डॉक्टर, पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे मला आहे ना?’ या प्रश्नाचं उत्तर संवेदनशीलतेत नाही आणि विशिष्टतेतही नाही. त्यासाठी तिसरी गोष्ट हवी: ज्या लोकांत ही चाचणी केली, त्यांच्यात मुळात तो आजार किती आहे.

करोनाच्या काळातलं एक उदाहरण इथेच सोडवून पाहू. १४ जून २०२० रोजी आयसीएमआरने पहिल्या रॅपिड अँटिजेन किटला परवानगी दिली, तेव्हा त्यांनीच केलेल्या पडताळणीत संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के आणि विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के आली होती. आपण संवेदनशीलता ७० आणि विशिष्टता ९९.३ धरू. आता दाट वस्ती, घरोघरी खोकला, दर पाच माणसांत एकाला लागण अशी स्थिती कल्पा. दहा हजार लोक तपासले. लागण झालेले २,०००, पैकी १,४०० सापडले. लागण नसलेले ८,०००, पैकी ५६ उगाच पॉझिटिव्ह ठरले. म्हणजे १,४५६ पॉझिटिव्हपैकी १,४०० खरे. रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास ठेवला तरी चालेल. अडचण निगेटिव्ह रिपोर्टची आहे, कारण ६०० बाधित माणसं ‘निगेटिव्ह’ कागद घेऊन घरी गेली.

लाट ओसरली. आता दोनशे माणसांत एकालाच लागण. किट तेच, हात तेच. दहा हजारांत बाधित ५०, सापडले ३५. उरलेल्या ९,९५० जणांपैकी सुमारे ७० उगाच पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आलेल्या १०५ जणांपैकी खरे ३५, तिघांत एक. किट बिघडलं नाही, त्याचा अर्थ बदलला. लक्षणं असूनही अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर कराच, असं आयसीएमआरने त्याच सूचनेत बजावलं होतं, ते पहिल्या हिशोबातल्या त्या ६०० जणांसाठी. पण रांगेत उभ्या माणसाला ते कोणी समजावून सांगितलं? निगेटिव्ह कागद म्हणजे गावभर हिंडायचा परवाना, असाच समज बहुतेकांचा झाला.

लेखकांनी हे गणित टक्केवारीत न मांडता दर वेळी दहा हजार माणसांवर मांडलं आहे, हे मला विशेष आवडलं. टक्क्यांचे टक्के काढताना भले भले घसरतात. माणसं मोजायला बसलं की आठवीतलं मूलही चुकत नाही.

हल्ली वर्तमानपत्रातून पॅम्फ्लेट येतं: अमुक इतक्या रुपयांत साठ तपासण्या, घरपोच. ‘फुल बॉडी’च्या या धंद्यावर पुस्तकात एक प्रकरण आहे आणि ते माझ्या मते याहून धारदार हवं होतं. बऱ्याच तपासण्यांची ‘नॉर्मल रेंज’ ठरवतानाच निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी ठरवलेली असते, म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं व्याख्येनेच बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा वीस तपासण्या एका धडधाकट माणसाच्या केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या ‘नॉर्मल’ येण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. साठ केल्यावर काहीतरी ठळक अक्षरात निघणारच. मग त्या ठळक आकड्यामागे सोनोग्राफी, तिच्यामागे सीटी, आणि सीटीत आणखी काहीतरी.

रेषा कुठे ओढायची हाही असाच प्रश्न. निफाड-दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये निर्यातीची द्राक्षं निवडायला बसलेल्या बायकांना तो न शिकवता कळतो. मण्याचा आकार जरा कडक धरला तर चांगले घडही बाजूला पडतात, सैल धरला तर पेटीत बारीक मणी जातात, आणि दोन्ही टाळता येईल असा आकार नसतो. उपाशीपोटीच्या साखरेचं तसंच आहे. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने २००३ साली मधुमेहपूर्व अवस्थेची खालची रेषा ११० वरून १०० वर आणली, जागतिक आरोग्य संघटना ११० वरच राहिली. म्हणजे १०४ साखर असलेला माणूस एका संस्थेच्या लेखी धोक्याच्या वाटेवर आहे, दुसरीच्या लेखी नाही. त्याचं रक्त तेच आहे.

आता सुरगाण्याकडे येतो, कारण या पुस्तकाची खरी गरज तिथे आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली वस्त्यांवर सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या जनुकीय दोषाची तपासणी चालते. भारतात हा दोष पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन असं तिचं उद्दिष्ट. उच्चाटन हा शब्द जनुकीय दोषाच्या बाबतीत मला जरा धाडसी वाटतो, पण तो वाद इथे नको.

आश्रमशाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं असतं. बोटाला टोचून घेतलेलं थोडं रक्त रसायनाच्या नळीत टाकायचं, पाचएक मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, कारण ऑक्सिजन काढून घेतल्यावर सिकलचं हिमोग्लोबिन विरघळत नाही. वीज नको, मोठं यंत्र नको, निकाल जागेवर. डोंगरातल्या कामासाठी याहून सोयीची चाचणी सांगता येणं कठीण.

पण ही नळी काय सांगत नाही ते टेबलामागच्या माणसाला पक्कं ठाऊक हवं. गढूळपणावरून मुलगी वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. ते प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनेच ठरतं. वाहकाला बहुधा आयुष्यभर काही होत नाही, रुग्णाला मात्र हातापायांच्या असह्य कळा, वारंवार जंतुसंसर्ग, रक्त चढवणं हे सगळं भोगावं लागतं. एका शब्दात दोन वेगवेगळी आयुष्यं कोंबलेली असतात. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, तिथे नळी फसते. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर फसते. आणि अंगात रक्तच फार कमी असेल तरी द्रावण पुरेसं गढूळ न होता फसू शकते. हा शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. ज्या तालुक्यांत ही चाचणी सर्वांत जास्त वापरायची, तिथल्याच मुलींमध्ये रक्तक्षय जास्त. किटच्या माहितीपत्रकावरची संवेदनशीलता प्रयोगशाळेतल्या चांगल्या नमुन्यांवर काढलेली असते, व्हरांड्यातल्या फिकट बोटांवर नाही.

आई विचारते, ‘म्हणजे पोरगी आजारी हाय का, ताई?’ आशाताईने अशा वेळी काय बोलावं यावर लेखकांनी चार पानं खर्ची घातली आहेत आणि ती पुस्तकातली उत्तम पानं आहेत. पक्क्या तपासणीचा निकाल येईपर्यंत काय सांगायचं, वाहक म्हणजे काय हे कसं सांगायचं, दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक म्हणजे नेमकं काय. (पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब अनेक घरांत केला जातो. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने चारात एक असते.) पक्क्या तपासणीचा निकाल महिनाभर आलाच नाही, तर त्या महिन्यात सोयरीक मोडू शकते. नळीची अचूकता मोजताना हा महिनाही मोजायला हवा असं मला वाटतं. एवढं खरं, की त्यासाठी सूत्र नाही.

शोधून काढलेल्यांची संख्या म्हणजे यश, हा तपासणी शिबिरांचा जुना आजार आहे. ‘शिबिरात ४०० जणांची तपासणी, ३२ संशयित’ अशी बातमी येते आणि त्या ३२ जणांचं पुढे काय झालं ते कधीच छापून येत नाही. तपासणीने माणसं वाचली का, हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा नीट विचारला गेला, तो बार्शीजवळ. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा हा अभ्यास १९९९च्या सुमारास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या, संशोधक आर. शंकरनारायणन यांच्यासोबत बार्शीचे डॉ. भगवान नेने होते. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं वाटप: काहींची एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींची पॅप, काहींची ॲसिटिक ॲसिड लावून केलेली नजर-तपासणी आणि काहींना नेहमीचीच व्यवस्था. चाचणी एकदाच, मग आठ वर्षं वाट पाहायची.

कर्करोगाआधीच्या अवस्था सापडण्याच्या प्रमाणात तिन्ही चाचण्यांत फार मोठा फरक नव्हता. शिबिराच्या बातमीच्या हिशोबाने तिन्ही सारख्याच. मृत्यू मोजले तेव्हा चित्र बदललं. तुलनेच्या गटात या कर्करोगाने ६४ बायका दगावल्या, नजर-तपासणीच्या गटात ५६, पॅपच्या गटात ५४ आणि एचपीव्हीच्या गटात ३४. या शेवटच्या गटात मृत्यूचा धोका जवळपास निम्मा झाला होता. त्याहून बोलका आकडा निगेटिव्ह आलेल्या बायकांचा. त्यांच्यात पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण एचपीव्हीच्या गटात वर्षाला लाखात ३.७, पॅपच्या गटात १५.५ आणि नजर-तपासणीच्या गटात १६. एकदा तपासून पुन्हा कधी भेट होईल याची खात्री नसेल, तर ‘निगेटिव्ह’ शब्द पाळणारी चाचणीच निवडावी लागते. तुलनेच्या गटातल्या तीस हजारांवर बायकांची तपासणी न करणं योग्य होतं का, यावर पुढे कडक टीका झाली. ती पुस्तकात यायला हवी होती, आलेली नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनेच दुसरा अभ्यास केला. चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी तीच नजर-तपासणी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदा करून फारसं हाती न लागलेली चाचणी पुन्हा पुन्हा केल्यावर कामी आली. तेव्हा चाचणीचा दर्जा विचारताना ती किती वेळा होणार, हेही विचारायला हवं.

उलट टोकाला दक्षिण कोरिया. तिथे इतर तपासण्यांबरोबर गळ्याची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली, आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचं प्रमाण सुमारे पंधरा पटींनी वाढलं. मृत्यूचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. सापडलेल्या बहुतेक गाठी कधीच त्रास देणार नव्हत्या, पण गळे कापले गेले आणि गोळ्या जन्मभरासाठी लागल्या. ‘लवकर सापडला म्हणून दहा वर्षं जगला’ असं म्हणताना, मृत्यूची तारीख तीच ठेवून निदानाची तारीख नुसती मागे सरकवली तरी वर्षं वाढलेली दिसतात, हे लक्षात ठेवावं लागतं.

साथरोगशास्त्राच्या मूळ संज्ञांवरचे भाग वाचक चाळून पुढे जातील अशी मला भीती आहे. एखाद्या दिवशी समाजात आजार असलेले एकूण किती, आणि वर्षभरात नवे किती, या दोन आकड्यांची वर्तमानपत्रांत रोज गल्लत होते. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली आणि रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले. जगणारे वाढले की एकूण रुग्णसंख्या तेवढी खाली येत नाही, भले नवी लागण घटत का असेना. तो आकडा वाचून मोहीम फसली असं म्हणणारा माणूस चांगली बातमी वाईट म्हणून वाचत असतो.

मृत्युदराचंही तसंच. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात बड्या कब्रस्तानातली दफनं आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा कितीतरी वाढल्याचं नोंदवहीतून पुढे आलं. चाचणी झालेले करोना-मृत्यू त्या मानाने थोडे होते. नियमित दवाखाने बंद, हृदयाचे आणि मधुमेहाचे रुग्ण घरीच, तेव्हा त्यातले किती करोनाचे आणि किती टाळेबंदीचे हे नोंदवही सांगत नाही. पण काहीतरी घडतं आहे हे तिने सांगितलं, आणि तेही चाचणीची वाट न पाहता.

छेदात काय आहे हे विचारायची सवय नाशिककरांना लवकरच लागणार आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थात रामकुंडाजवळ, साधुग्रामात, त्र्यंबकेश्वरला तात्पुरते दवाखाने उभे राहतील. एका तंबूत दिवसभरात जुलाबाचे शंभर रुग्ण नोंदले गेले, तर ते फार की थोडे? पर्वणीचा दिवस असेल तर कदाचित नेहमीचेच, मधल्या दिवशी असतील तर धावाधाव करायला हवी. गर्दीचा आकडा कोणी म्हणेल दहा लाख, कोणी तीस, तेव्हा खरा दर काढता येणार नाही. रोजच्या रोज, त्याच तंबूत, एकूण रुग्णांपैकी जुलाबाचे किती, एवढं तरी काढता येईल. लेखकांनी शेवटी अशा नोंदवहीचा नमुना दिला आहे: नाव, वय, गाव, लक्षणं, औषध. त्यात ‘मुक्काम कुठे’ असा एक रकाना वाढवावा अशी माझी सूचना आहे. तंबूतला कारकून पत्त्यात भुसावळ किंवा बीड लिहून घेईल, आणि पाणी माणूस इथलं प्यालेला असेल.